हातास किंचित कंप

चौथ्या रकान्यात त्याने पाच मार्च लिहिलं होतं, आणि ते खोटं आहे हे मला वाचता वाचताच कळलं. रकाना होता 'संबंध केव्हापासून'. फॉर्म मीच तयार केलेला, तीन वर्षांपूर्वी, याच टेबलावर. आमची औषधांची कंपनी. वरिष्ठ आणि त्याच्या हाताखालचं माणूस यांच्यात काही जुळलं तर दोघांनी पंधरा दिवसांत कर्मचारी विभागाला लेखी कळवायचं, असा नियम तेव्हा आला आणि तो कागदावर उतरवायचं काम माझ्याकडे आलं. कँटीनमध्ये त्याला 'प्रेमाचा फॉर्म' म्हणतात. तीन वर्षांत तो कुणीही भरला नव्हता. आता भरला होता चाचणी प्रयोगशाळेच्या प्रमुखाने. खाली त्याची सही, तिरकी, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. तिच्याखाली एका मुलीची सही, गोल, शाळेतल्यासारखी, प्रत्येक अक्षर सुटं. मुलगी त्याच्या हाताखाली रासायनिक चाचण्या करते. येऊन दीड वर्ष झालं, अजून कायम झालेली नाही. मी फॉर्म पालथा ठेवला, मग पुन्हा सुलटा केला. अकरा वर्षांपूर्वी असला फॉर्म नव्हता. असता तर दुसरी सही माझी असती.

रजेचे अर्ज माझ्याकडेच येतात. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दोघंही चार दिवस रजेवर होते. त्याचं कारण 'घरगुती काम', तिचं 'आजीची तब्येत', आणि तिचा अर्ज मंजूर करणारा तोच. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, चार दिवस कुणाचेही जुळतात. पण परत आले तेव्हा दोघांचीही नाकं उन्हाने सारखीच सोलवटलेली होती, आणि आजीच्या उशाशी बसून कुणाचं नाक सोलवटत नाही. फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला वार्षिक मूल्यमापन बंद झालं. मुलीला त्याने पाचपैकी पाच दिले होते. म्हणजे पाच मार्च ही तारीख प्रेमाची नव्हती, सोयीची होती. मूल्यमापनापासून जरा लांब, फार लांबही नाही. खोटी माहिती दिली तर काय, हेही नियमात मीच लिहून ठेवलं होतं. मी फाइल उघडून ते कलम वाचलं, पुन्हा वाचलं, आणि भुकेल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं तसं मला झालं. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. सात वर्षं दाताखाली धरून ठेवलेली गोष्ट आज चावता येणार होती.

मी मूळची प्रयोगशाळेतली. आता कुणाला आठवतही नाही. नवीन पोरं समजतात की मी जन्मतःच रजा आणि हजेरीवाली बाई आहे. काचेची उभी नळी, तिच्या तळाशी तोटी, खाली फ्लास्क. फ्लास्कमध्ये औषधाचा नमुना, वरून थेंब थेंब द्रावण सोडायचं, आणि फ्लास्कातल्या पाण्याला अगदी फिकट गुलाबी छटा आली, ती अर्धा मिनिट टिकली, की थांबायचं. एक थेंब कमी पडला तर रंग येत नाही, एक थेंब जास्त झाला तर गडद होतो आणि सगळं परत. मी अर्ध्या थेंबावर थांबायचे. नळीच्या टोकाशी थेंब पुरता पडू न देता लोंबकळत ठेवायचा, तो फ्लास्कच्या काठाला टेकवायचा, आणि पाण्याने धुऊन आत सोडायचा. हे सगळ्यांना शिकवतात, जमतं थोड्यांना. त्याने एकदा माझ्यामागे उभं राहून ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "या अर्ध्या थेंबाच्या बाई." तो तेव्हा उपप्रमुख होता. त्याचा घटस्फोट झालेला, माझं लग्न झालेलं नव्हतं. कुणाच्या संसारात माती कालवली असं नव्हतं. म्हणूनच मला वाटायचं की यात चुकीचं काही नाही. चूक कुठे होती ते फार उशिरा समजलं. माझ्या प्रत्येक चाचणीखाली 'तपासले, समाधानकारक' अशी दुसरी सही लागायची आणि ती त्याची असायची. माझी रजा तो मंजूर करायचा, माझी बढती त्याने सुचवली. संध्याकाळी त्याच्या गाडीत बसताना मी रागावलेली असले तर दुसऱ्या दिवशी सकाळी माझं रजिस्टर तपासायला तो तास तास लावायचा. मी हसून बोलले की पाच मिनिटांत सही. मी ते गमतीत घ्यायचे. ताईलाही हसत हसत सांगितलं होतं. ताई हसली नव्हती.

दोन वर्षांनी तो प्रमुख होणार हे ठरलं तेव्हा आम्ही एका बागेतल्या बाकावर बसलो होतो, दुपारची वेळ, समोर कारंजं बंद पडलेलं. तो म्हणाला, "लोक बोलायला लागलेत. मी वर गेलो की तुझ्याच कामावर बोट ठेवतील. सहा महिने तू ऑफिसात जा, कर्मचारी विभागात जागा आहे. वातावरण निवळलं की परत आणतो." मी म्हटलं, बरं. माणूस आपल्या भल्याचंच बोलतोय असं वाटलं की किती चटकन बरं म्हणतो आपण. सहा महिन्यांचं वर्ष झालं. वर्षात त्याचे फोन कमी झाले, मग कामापुरते झाले, मग माझ्या कामासाठीसुद्धा दुसरं कुणी फोन करायला लागलं. भांडण झालं नाही, निरोपसुद्धा नाही. नळ ठिबकायचा थांबावा तसं ते थांबलं. आणि तेवढंच असतं तर मी सांगते, मी विसरले असते. माणसं सोडून जातात. मी रडून मोकळी झाले असते, ताईने चार शिव्या हासडल्या असत्या, संपलं असतं.

दोन वर्षांनी गोपनीय फाइलींच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. स्वतःची फाइल बघायची नाही हा नियम. मी तिसऱ्याच दिवशी बघितली. बदलीच्या शिफारशीचा कागद, त्याची तिरकी सही, आणि वर टाइप केलेलं वाक्य: 'सदर कर्मचाऱ्याच्या हातास किंचित कंप असल्याने सूक्ष्म चाचणीच्या कामास योग्य नाही. कार्यालयीन कामावर कायमस्वरूपी बदली करण्यात यावी.' मी कपाटाला टेकून उभी होते. हात बघितला. हात स्थिर होता. मग बघत राहिले म्हणून तो थरथरायला लागला. तेव्हापासून चहाचा कप बशीत ठेवताना मी कान देते, किणकिण होते का. कुणासमोर सही करायची असली की मनगट टेबलावर दाबून धरते. दोन ठिकाणी प्रयोगशाळेत नोकरीसाठी अर्ज केले होते. दोन्हीकडून बोलावणं आलं आणि मग काही न सांगता गप्प झाले. ते का, हेही त्या दिवशी कळलं. विचारणा होते तेव्हा फाइलीतलंच कळवतात. 'किंचित' हा शब्द त्याने किती विचार करून घातला असेल. नुसतं 'कंप' लिहिलं असतं तर डॉक्टरकडे पाठवलं असतं. किंचितला तपासणी नाही.

सात वर्षं मी त्याला जिन्यात, कँटीनमध्ये, बैठकीत 'नमस्कार सर' म्हणत आले. मनात मात्र काय काय केलं नाही. तो जिन्यावरून पडतो, नुसता पडत नाही, पडता पडता माझ्या हाताला धरतो आणि मी हात काढून घेते. त्याला आजार होतो, हाताचाच. या असल्या गोष्टी मी बसमध्ये खिडकीशी बसून इतक्या बारकाईने रचायचे की उतरायचा थांबा निघून जायचा. माणूस सुंदर आठवणी जपतो तशी मी ही चित्रं जपली. आणि आता त्याने आपणहून, आपल्या सहीने, खोटी तारीख माझ्या टेबलावर आणून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला. दार ढकलून आत आला आणि न विचारता बसला, जुन्या हक्काने. केस पांढरे झालेत, ते त्याला शोभतात, याचाही मला राग आला.

"फॉर्म मिळाला ना?" तो म्हणाला. "म्हटलं, तुझ्याकडेच येणार, तर आपण जाऊन सांगावं. तुला वाईट वाटू नये."

"मला कशाला वाईट वाटेल सर? विभागाचा पहिला फॉर्म आहे. आम्ही पेढे वाटणार होतो."

तो हसला. माझ्या बोलण्यातली धार त्याला कधीच लागायची नाही. त्याला वाटायचं, मी गोड बोलतेय.

"तारखेचं काही विचारणार आहेत का?"

"विचारायला हवं का?"

"तसं नाही. तू समजूतदार आहेस." त्याने खिशातून एक बंद पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "नियमाप्रमाणे दोघांपैकी एकाला हलवावं लागेल. तिची शिफारस लिहून आणलीय. नोंदणी विभागात. तिचंच भलं आहे. मी तिला अजून सांगितलेलं नाही, हळूच सांगीन."

नियमात मी 'वरिष्ठाची बदली' असं लिहिलं होतं. वरून तो शब्द खोडून 'दोघांपैकी एकाची' असं करून आलं. दोघांपैकी एक म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तो गेल्यावर मी पाकीट उघडलं. ते माझं कामच होतं. 'सदर कर्मचाऱ्याची एकाग्रता कमी पडत असल्याने सूक्ष्म चाचणीच्या कामास योग्य नाही. नोंदणी विभागात कायमस्वरूपी बदली करण्यात यावी.' तेच वाक्य, नऊ वर्षांत त्याने एवढाही बदल केला नव्हता. हाताच्या जागी एकाग्रता. मला एकाएकी अपमान वाटला, वेगळाच. आजवर वाटायचं की माझ्यासाठी निदान बसून, जड मनाने लिहिलं असेल. हा तर छापा होता. गणपती बनवायच्या साच्यातून गणपतीच निघणार, तशी त्याच्या प्रेमातून शेवटी एक शिफारस निघायची.

मुलगी दुपारी आली. तिला मी बोलावलं नव्हतं. पांढरा कोट घालूनच आली, बाहीवर कसला तरी जांभळा डाग. बसायला सांगेपर्यंत उभी राहिली. दिसायला मी तशी कधीच नव्हते, पण बोटं ओळखीची वाटली. नखं अगदी कापलेली, अंगठ्याच्या बाजूला तोटी फिरवून पडलेला घट्टा.

"मॅडम, फॉर्ममुळे मला लॅब सोडावी लागेल का?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच विचार केला. सर म्हणतात काही होणार नाही. पण मला लॅबच हवीय. मला दुसरं काही येत नाही."

मी फॉर्म फाइलीत सरकवला. ती जरा ओशाळली आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, म्हणाली, "तुमच्याबद्दल सर नेहमी चांगलं बोलतात. तुम्ही किती हुशार होतात. हाताचा त्रास झाला नसता तर आज त्यांच्या जागी तुम्ही असता म्हणतात."

त्या क्षणी मला तिचाही सूड घ्यावासा वाटला. तिचा आधी. ते अगदी सोपं होतं. कलम सात: खोटी माहिती दिल्यास दोघांवरही कारवाई. दोघांवरही हा शब्द मी निःपक्ष दिसावं म्हणून घातला होता. जानेवारीचे दोन अर्ज फॉर्मला टाचून वर पाठवायचे. कायम नसलेल्या माणसाला कारवाई म्हणजे घरी बसणं, चोवीस तासांत. आणि त्याला? ताकीद. एक पत्र, फाइलीत. तो ते वाचेल, खांदे उडवेल, पुढच्या वर्षी तिच्या जागी दुसरी मुलगी येईल आणि पुन्हा तेच वाक्य, डोळ्यांची नजर कमी, वासाची ॲलर्जी. माझा सूड त्याच्या अंगाला नुसता वाऱ्यासारखा लागून जाणार होता आणि मोडणार होती ही. दया म्हणून नाही, पण मला तो सूड स्वस्त वाटला. सात वर्षं उपाशी राहून कुणी शिळं खात नाही.

"पाणी आणते," मी म्हटलं, आणि पाकिटातला कागद टेबलावर तिच्याकडे तोंड करून ठेवला. गोपनीय कागद असा उघडा टाकणं हा नियमभंग. तो मी पावलं मोजत केला. पाण्याच्या यंत्राशी दोन ग्लास भरले, ओतून टाकले, पुन्हा भरले. परत आले तेव्हा ती उभी होती.

"हे त्यांनी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "कुणीतरी त्यांना लिहायला लावलं असेल."

"असेल."

"तुम्ही मला हे मुद्दाम दाखवलंत."

"हो."

"का?"

मी ग्लास पुढे केला. तिने घेतला नाही. जाताना तिने दार हळूच ओढून घेतलं, प्रयोगशाळेत तराजूजवळचं दार ओढतात तसं, हवा हलू नये म्हणून.

मी आणि ताई एकत्र राहतो. ताई तीस वर्षं एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करतेय. ती स्वतःला अर्धी वकील म्हणते, आणि उरलेला अर्धा आपल्या वकिलातही नाही असं वर म्हणते. रविवारी सकाळी ती कपाटातले कपडे काढून पुन्हा घड्या घालत होती, मी पलंगावर बसून सगळं सांगितलं. पाच मार्चपासून जांभळ्या डागापर्यंत.

"तुझी तेव्हा संमती होती ना?" तिने विचारलं.

"होती."

"कुणी विचारलं तर तसंच सांगायचं. खोटं बोललीस की संपलीस. त्याने फसवलं, धाक दाखवला, असलं काही नाही. नव्हता ना दाखवला?"

"दाखवायची गरजच पडली नाही."

"मग नीट ऐक. संमती तू माणसाला दिलीस, शेऱ्याला नाही दिलीस. तक्रार करायची तर शेऱ्याची कर. पण बाई, ती केलीस की तुझंही सगळं उकरून काढतील. बढती त्याच दिवसांतली आहे, ती काढतील. आपली फाइल चोरून बघितलीस, ते काढतील. खुर्ची राहणार नाही."

"माहीत आहे."

"आणि शेरा खोटा हे कशावरून? आज उठून हात पुढे केलास आणि भीतीने थरथरला तर?"

मी हात मागे घेतला. तिने ते बघितलं, घडी मोडली, परत घातली. "मी सोड म्हणणार नाही," ती म्हणाली. "तू सोडशील तर आणखी वीस वर्षं मलाच ऐकावं लागेल. पण मारायचं तर असं मार की त्याचाच हात त्याच्या तोंडावर पडला पाहिजे."

ते वाक्य घेऊन मी सोमवारी तळघरातल्या जुन्या रजिस्टरांच्या खोलीत गेले. चाचण्यांची रजिस्टरं दहा वर्षं ठेवतात, मग जाळतात. माझ्या शेवटच्या महिन्याचं रजिस्टर पुढच्या वर्षी गेलं असतं. पत्र्याच्या मांडणीवर, खालून दुसऱ्या कप्प्यात, पाठीवर माझ्याच अक्षरात महिना. मी फरशीवर बसले आणि उघडलं. कागदाला किंचित आंबट वास होता, द्रावणांचा, आणि पानांवर माझ्याच अक्षरातले आकडे, कुठल्या नमुन्याला किती द्रावण लागलं त्याचे. सव्वीस, दशांश, चार शून्य. सव्वीस, दशांश, चार शून्य. दर दहावा नमुना दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासायचा. माझ्या आकड्यात आणि त्या दुसऱ्याच्या आकड्यात फरक दुसऱ्या दशांशात, तोही कधीमधी. आणि प्रत्येकाखाली, सगळ्या पानांवर, 'तपासले, समाधानकारक', आणि शेपटी ओढलेली सही. शेवटची सही तेरा तारखेची. माझ्या हाताला कंप आहे असं त्याने लिहिलं ते चौदा तारखेला. मी तिथेच, धुळीत, मोठ्याने हसले. इतकी वर्षं मी हाताकडे बघत बसले होते आणि पुरावा त्याच्या हाताचा होता. हात खरंच थरथरत असेल तर कंप असलेल्या हाताने तपासलेली औषधं त्याने समाधानकारक म्हणून बाजारात जाऊ दिली. थरथरत नसेल तर शेरा खोटा. कुठूनही धरा, एक सही खोटी. मुलीचंही तसंच: शिफारशीच्या आदल्या दिवसापर्यंत तिच्या रजिस्टरवर 'समाधानकारक'.

तक्रार मी दोन पानांत लिहिली. आमचे संबंध दोन वर्षं होते, दोघांच्या मर्जीने. त्या काळात माझी बढती त्याच्या शिफारशीने झाली. संबंध नकोसे झाल्यावर त्याने खोटा शेरा लिहून मला प्रयोगशाळेतून काढलं. तो शेरा मी माझी फाइल नियम मोडून उघडली तेव्हा वाचला. आता तो दुसऱ्या कर्मचाऱ्याबाबत तेच करतो आहे. तिच्या बाजूने तारखेची काही चूक झाली असेल तर ती वरिष्ठाच्या दबावाखालची समजावी. हे शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मला ते लिहायचं नव्हतं. लिहिलं, कारण ते नसतं तर तो तिच्या आड लपला असता.

चौकशी सकाळी अकराला होती, कँटीनशेजारच्या बैठकीच्या खोलीत. अध्यक्ष बाहेरून आलेल्या, निवृत्त न्यायाधीश, बारीक चणीच्या बाई. त्यांच्या एका बाजूला कारखान्याचे व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला पॅकिंगमधल्या सगळ्यात जुन्या बाई. तो माझ्यासमोर बसला होता आणि माझ्याकडे दुखावलेल्या माणसासारखा बघत होता, जणू मी काही मोडून ठेवलंय आणि तो ते पोटात घालायला तयार आहे.

"हा शेरा तुमचा?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हो. पण मॅडम, हे सगळं सूडबुद्धीने चाललंय. नऊ वर्षांनी. हे प्रकरण काय आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सूडबुद्धी आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "पण रजिस्टर खरं आहे."

बाईंनी रजिस्टर त्याच्याकडे सरकवलं. त्याने चष्मा लावला, पान उलटलं, आणखी एक उलटलं. मी त्याचं तोंड बघत होते. इतक्या वर्षांच्या बसच्या खिडकीतल्या चित्रांत त्याचं तोंड मी कधी नीट काढू शकले नव्हते. आता ते समोर होतं. त्याला कळलं ते मला दिसलं. आधी मान थांबली, मग पान धरलेली बोटं.

"तेरा तारखेपर्यंत समाधानकारक," बाई म्हणाल्या. "चौदाला कंप. तेराला हात कसा होता?"

"कंप किंचित होता."

"म्हणजे होता. आणि तरी तुम्ही औषध सोडलंत."

"नाही, म्हणजे... चाचण्या बरोबर होत्या."

"मग शेरा?"

"तो सहानुभूतीने लिहिला होता."

"कुणाबद्दलच्या?" पॅकिंगमधल्या बाईंनी विचारलं. त्या दिवसातला त्यांचा तो एकच प्रश्न.

त्याने माझ्याकडे बघितलं. मदत मागावी तसं. खरंच, त्याला वाटलं मी काहीतरी बोलेन, त्याला मध्येच थांबवून सावरून घेईन, पूर्वी घ्यायचे तसं. मी माझे दोन्ही हात टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले होते. डावा अंगठा थोडासा हलत होता. मी तो झाकला नाही.

मग माझी पाळी आली. बढती त्याच काळातली? हो. पात्र होता? होते, पण ते दाखवायला त्याच्या सहीशिवाय माझ्याकडे काही नाही. फाइल उघडली? हो. नियम माहीत होता? मीच लोकांना शिकवते. व्यवस्थापक प्रत्येक उत्तर लिहून घेत होते आणि प्रत्येक ओळीबरोबर माझी खुर्ची थोडी थोडी माझ्याखालून सरकत होती. मला त्याचं काही वाटत नव्हतं म्हटलं तर खोटं होईल. पण समोर तो चष्मा काढून पुन्हा पुन्हा पुसत होता, आणि मी तेवढंच बघत राहिले.

तीन आठवड्यांनी निकाल आला. दोन वेगळ्या खोट्या नोंदी, एक खोटी तारीख. त्याला प्रमुखपदावरून काढलं आणि राजीनामा द्यायला पंधरा दिवस दिले. त्याने चार दिवसांत दिला. माझी बढती रद्द, कर्मचारी विभागातून काढून जुन्या रजिस्टरांच्या खोलीत, मूळ पगारावर. शेरा मात्र फाइलीतून रीतसर काढून टाकला, तसं पत्र दिलं. मी नोकरी सोडत असल्याचं त्याच पत्राच्या पोचपावतीवर लिहून दिलं. मुलीला ताकीद मिळाली, कायम होणं सहा महिने लांबलं, पण प्रयोगशाळा राहिली. तो गेला त्या दुपारी मी जिन्याच्या खिडकीतून बघितलं. त्याने दोन खोके स्वतः उचलून गाडीत ठेवले, डिकी बंद होईना, तो वाकून सामान दाबत राहिला. कुणी मदतीला गेलं नाही. मी शेवटपर्यंत बघितलं. घरी गेल्यावर ताईने विचारलं, "झाला जीव गार?" झाला, म्हटलं, आणि खरंच झाला होता. लोक म्हणतात सूड घेऊन माणसाला रितं रितं वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. मी दोन वेळा वाढून घेतलं आणि जेवले.

माझ्या शेवटच्या दिवशी मुलगी जिन्यात भेटली. मी कागदांची पिशवी घेऊन उतरत होते, ती वर चालली होती. निकालापासून ती माझ्याशी बोललेली नव्हती. कँटीनमध्ये मी बसले की ती ताट घेऊन दुसरीकडे जायची. आता जागा अरुंद होती, तिला थांबावं लागलं.

"सगळे म्हणतात तुम्ही माझ्यासाठी केलंत," ती म्हणाली. डोळे सुजलेले नव्हते, पण झोप झालेली दिसत नव्हती.

"नाही. मी माझ्यासाठी केलं. तू नसतीस तरी केलं असतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोलतेय का, हे ताडत असावी.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "नाहीतर मला तुमचे आभार मानावे लागले असते."

आणि भिंतीला अंग चिकटवून तिने मला वाट करून दिली.